पावणेदोन हात माती

जमीन मोजणं वेगळं आणि जमिनीची ताकद मोजणं वेगळं. पहिल्या कामाला साखळी लागते, दुसऱ्याला पहार. भूमी अभिलेख खात्यात माझी सगळी नोकरी पहिल्या कामात गेली. उन्हात प्लेन टेबल मांडायचं, शंकू रोवायचा, साखळी ओढायची आणि दोन भावांच्या मधला बांध दोघांच्याही शिव्या खात कागदावर आणायचा. दुसरं काम आमच्या पिढीच्या वाट्याला आलंच नाही. ते आमच्या खापरपणज्यांच्या काळात होऊन गेलं होतं आणि त्याचे कागद रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधून ठेवलेले होते. टिपण, गुणाकार, आकारबंद हे गठ्ठे रोज सुटायचे, कारण हद्दीच्या भांडणाला ते लागतात. प्रतिबुकाचा गठ्ठा मात्र कुणी मागत नसे. जमिनीची प्रत काय हे विचारायला कोण येणार? शेतसारा इतका किरकोळ उरला होता की तो भरायला येण्याचं एसटी भाडं त्याहून जास्त पडे.

मी ते गठ्ठे सोडले ते निव्वळ हौसेनं. इंदापूरकडच्या एका गावाचं प्रतिबुक हाताला लागलं आणि दुपार तिथेच गेली. पानावर एका सर्व्हे नंबरचा कच्चा आकार काढलेला. त्यात उभ्या-आडव्या रेघा मारून सारख्या चौकटी पाडलेल्या. प्रत्येक चौकटीत बोटभर जागेत चार गोष्टी: खाली ठिपके, शेजारी अपूर्णांक, मध्ये काही खुणा आणि वरच्या कोपऱ्यात एक आकडा. अपूर्णांक जुन्या पद्धतीनं उभ्या रेघांत लिहिलेले, १॥ म्हणजे दीड, १।॥ म्हणजे पावणेदोन. कडेला मोडीत दोन ओळी.

याचा उलगडा असा. ठिपके मातीची जात सांगतात. एक ठिपका म्हणजे बारीक, एकसारख्या कणांची काळी किंवा काळसर तपकिरी माती. दोन ठिपके म्हणजे जरा भरड, रंगानं फिकट, बहुतेक तांबूस. तीन म्हणजे मुरमाड, भुसभुशीत, राखाडी. अपूर्णांक म्हणजे मातीची खोली, हातांत. कारकून चौकटीच्या मध्यावर उभा राहायचा, गडी पहार मारायचा आणि मुरूम किंवा खडक लागेपर्यंत किती माती आहे ते पाहायचं. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असली की ती सोळा आणे, म्हणजे पहिला वर्ग. दीड हात असली तर चौदा आणे, सव्वा हात बारा, एक हात दहा, पाऊण हात आठ, अर्धा हात सहा, पाव हात साडेचार. तांबड्या मातीला तेवढ्याच खोलीवर एक वर्ग खालचा. सगळ्यात तळाला नववा वर्ग, दोन आण्यांचा: पाव हात मुरमाड. पावणेदोन हातांच्या खाली आणखी कितीही माती असली तरी आणे वाढत नसत.

मग दोष. माती चुनखडीची, वाळसर, उतरवट, पाणी न मुरणारी, ओढ्याच्या पाण्यानं धुपणारी, उपळट असे ठरलेले दोष होते आणि त्यांची एकेक खूण होती. एका दोषाला एक वर्ग खाली. मी पाहिलेल्या एका चौकटीत दोन ठिपके, खोली दीड हात आणि दोन खुणा होत्या. तांबडी दीड हात म्हणजे तिसरा वर्ग, बारा आणे. त्यातून दोन दोष वजा, म्हणजे पाचवा वर्ग, आठ आणे. वरच्या कोपऱ्यात नेमका ५ लिहिलेला. हिशोब जुळला की कारकुनाला जो आनंद होतो तो इतरांना समजावून सांगता येत नाही. सगळ्या चौकटींच्या आण्यांची बेरीज करून सरासरी काढायची आणि ती त्या नंबरची प्रत. संपलं.

प्रत लावायची ही पद्धत इंदापुरातूनच सुरू झाली आणि त्याला एक फसलेला हिशोब कारणीभूत आहे.

जमीन मोजून सरकारचा हिस्सा ठरवणं आपल्याकडे इंग्रजांनी आणलं नाही. मलिक अंबरची जमीनधारा होती. शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या पाहणीची काठी पाच हात पाच मुठींची होती, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. सभासदानं बखरीत हे दिलं आहे आणि पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला, दोन सरकारात, हेही दिलं आहे. म्हणजे मोजायची जमीन, पण वाटा घ्यायचा आलेल्या पिकाचा. पीक बुडालं तर सरकारचाही वाटा बुडाला.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारनं हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे दिलं. साल १८२७. प्रिंगल हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला होता खुद्द माल्थस, लोकसंख्या अन्नाच्या पुढे धावते असं सांगून जगाची झोप उडवणारा. गुरूकडून आणि रिकार्डोच्या पुस्तकांतून प्रिंगलनं एक सूत्र घेतलं. जमिनीच्या प्रत्येक प्रतीत पीक किती येतं ते काढायचं, त्यातून मशागत, बी, बैल, मजुरी यांचा खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर याच्याइतकं न्याय्य काही नाही. शेतकऱ्याच्या पोटाला हात न लावता फक्त वरकड घ्यायची.

पण ती वरकड किती हे कुणी सांगायचं? हजारो शेतांचं पीक आणि खर्च कागदावर आणायचा तर माहिती देणार गावचा पाटील-कुलकर्णी आणि ती टिपणार पंधरा-वीस रुपड्यांचा कारकून. दोघांचेही हात ओले करता येतात. एका बरसातीचं पीक म्हणजे जमिनीचं पीक नव्हे, हे कोरडवाहू मुलखातलं पोरही सांगेल. त्यात धान्याचे भाव पडले, पाऊस रुसला. आणा-पैपर्यंत काढलेला आकार वसूल होईना. इंदापुरात जमिनी ओस पडायला लागल्या, कुळं शेजारच्या निजामाच्या मुलखात जायला लागली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा असिस्टंट कलेक्टर इंदापुरात फिरला आणि त्यानं प्रिंगलचा सगळा डोलारा मोडीत काढला. त्याच्या जोडीला बॉम्बे इंजिनियर्सचा लेफ्टनंट विंगेट आला. पुढच्याच वर्षी इंदापूरला नवा आकार लागू झाला, तीस वर्षं न बदलण्याच्या हमीनं. पुढे १८४७ मध्ये या दोघांनी डेव्हिडसनच्या साथीनं जो जॉइंट रिपोर्ट लिहिला, त्यावर आमचं खातं उभं आहे. वर सांगितलेला आण्यांचा तक्ता त्यातलाच.

या दोघांनी केलेली खरी गोष्ट म्हणजे पीक मोजणं सोडून दिलं. पिकाबद्दल माणूस खोटं बोलू शकतो. माती बोलत नाही, आणि पहार किती आत गेली याबद्दल वाद घालायला फारशी जागा नसते. वरिष्ठाला शंका आली तर तो त्याच चौकटीत पुन्हा पहार मारू शकतो. दुसरी गोष्ट, त्यांनी जमिनीची ताकद आणि सरकारची मागणी यांची फारकत केली. आणे फक्त एवढंच सांगत की हे शेत त्या शेताच्या मानानं किती. गावांच्या एका गटाकडून एकूण किती रुपये मागायचे हे मागच्या वर्षांची वसुली, पाऊसमान, भाव, बाजारपेठ किती लांब हे पाहून अंदाजानं ठरे आणि मग ते आण्यांच्या प्रमाणात शेतांवर वाटून टाकलं जाई. अंदाजाला अंदाज म्हणायची हिंमत त्या अहवालात आहे. प्रिंगलला ती नव्हती.

आणि मोजणीची सोय बघा. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे बरोब्बर एक एकर, एक चौरस फूटही इकडे-तिकडे नाही. सर्व्हे नंबर पाडायचा तो बैलांच्या जोडीच्या ताकदीनं: हलकी कोरडवाहू जमीन असेल तर २० एकरांच्या आसपास, मध्यम असेल तर १५, भारी काळी १२, भाताची ४. म्हणजे नंबराच्या आकारातच एक जोडी वर्षभरात किती जमीन ओढू शकते हे बसवलेलं. आज बारा वारसांच्या फाळणीत त्या नंबरचे तुकडे करताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

पुढच्या तीस वर्षांत इंदापूर सावरलं. ओसाड जमीन लागवडीखाली आली. पण एक गोष्ट प्रतिबुकात कुठेच दिसत नाही: त्या पडीक रानावर आधी काय होतं? दोन आण्यांची म्हणून ज्या मुरमाडाला हिणवलं, त्यावर गावची गुरं, धनगरांची मेंढरं चरत होती. नांगर लागला तसा आकार वसूल झाला आणि कुरण गेलं. त्याचं मोल कोणत्याच रकान्यात नव्हतं. १८६७ च्या सुमाराला तीस वर्षांची मुदत संपली तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी ओसरत होती, पण रेल्वे आली, भाव वाढले म्हणून आकार काही गावांत दीडपटीवर नेला गेला. मातीची खोली तीच, आणे तेच. बदलली ती मागणी. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, त्याच्या कारणांत सावकारी तर होतीच, पण ही आकारवाढही होती. जोतिराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांनी होणाऱ्या या पाहण्यांवर आणि गायरानं गिळणाऱ्या जंगल खात्यावर आसूड ओढला. त्याच पुस्तकात त्यांनी लष्कर-पोलिसांना कामाला लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल, असंही सुचवलं. मातीची खोली वाढवायचा विचार त्या काळात आणखी कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही.

आतापर्यंत प्रश्न एकच होता, या जमिनीतून सरकारला किती काढता येईल? तो उलटा करून विचारणारा माणूस पुण्याच्या शेतकी कॉलेजात भेटतो. हेरॉल्ड मान तिथे प्रिन्सिपॉल होते. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पुण्याजवळ पवनेकाठचं पिंपळे सौदागर हे गाव घरोघर तपासलं आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. जुन्या कागदांवरून त्यांनी शोधलं की १७७१ मध्ये गावात सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १८१८ मध्ये साडेसतरा, नंतर १४ आणि १९१५ च्या सुमारास सात. दीडशेवर खातेदार, सातशेच्या वर तुकडे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकराच्या आतले. इथवर कुणीही मोजणीदार पोचला असता. मान पुढे गेले. एका कुटुंबाला वर्षाला धान्य, कपडा, मीठ-मिरची किती लागते याचा हिशोब त्यांनी मांडला आणि तो जमिनीशेजारी ठेवला. १०३ कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर निभावणारी निघाली ८. बाहेर मजुरी करून तोंडमिळवणी होणारी २८. उरलेल्या ६७ घरांचा मेळ काही केल्या बसत नव्हता. ही घरं खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आणि शहरातल्या कामांवर जगत होती, म्हणजे गावाबाहेरच्या कुठल्यातरी जमिनीवर.

त्या पिंपळे सौदागरात आज बावीस-बावीस मजली सोसायट्या आहेत. माझा एक भाचा तिथे चौदाव्या मजल्यावर राहतो. फ्लॅट साडेसातशे फुटांचा, म्हणजे पाऊण गुंठ्यालाही कमी. बाल्कनीत उभं राहून मी त्याला मानसाहेबांचं सांगितलं तर म्हणाला, “मामा, आता इथं कुणाकडेच जमीन नाही आणि सगळ्यांचं बरं चाललंय.” बोलला खरं. दूध कोणत्या तालुक्यातून येतं, गहू कोणत्या राज्यातून, लिफ्टची वीज कोणत्या खाणीच्या कोळशावर, हे त्याला विचारलं नाही, पाहुणा म्हणून गेलो होतो. पण मान आज असते तर त्यांनी नेमकं तेच विचारलं असतं.

तो प्रश्न पुढे कॅनडात विचारला गेला. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस नगररचना शिकवत. १९९२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला आणि मॅथिस वाकरनागेल या स्विस विद्यार्थ्यानं त्यांच्या हाताखाली त्याचा रीतसर हिशोब उभा केला. दोघांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. एवढ्या जमिनीवर किती माणसं जगतील, असं न विचारता एवढ्या माणसांना किती जमीन लागते, ती कुठेही असो, असं त्यांनी विचारलं. उदाहरण घरचंच घेतलं: फ्रेझर नदीचं खालचं खोरं, चार लाख हेक्टर, १८ लाख माणसं. सरासरी कॅनडियन माणसाचं खाणं, लाकूड, इंधन धरून माणशी ४.३ हेक्टर. गुणाकार मी स्वतः करून पाहिला, ७७ लाख हेक्टरच्या वर जातो. म्हणजे खोऱ्याच्या १९ पट जमीन ते लोक कुठेतरी वापरत होते. त्यांच्या नावावर सातबारा नव्हता एवढंच.

पुढे वाकरनागेलनं २००३ मध्ये ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क काढलं आणि देशोदेशींचा असा ताळेबंद दरवर्षी निघायला लागला. वर्षाच्या कोणत्या तारखेला माणसांनी पृथ्वीची त्या वर्षाची पैदास संपवली ती तारीख आता पेपरात येते: २०२४ मध्ये १ ऑगस्ट, २०२५ मध्ये २४ जुलै. या हिशोबानं जगाला सुमारे पावणेदोन पृथ्व्या लागतात. भारतातला माणूस सरासरीनं जगाच्या निम्म्याहूनही कमी वापरतो, पण आपल्या वाट्याला जमीनही इतकी थोडी की तेवढंही देशात मावत नाही.

हे सगळं वाचताना मला हसू आलं ते त्यांच्या मोजमापाच्या एककाचं. त्याला ते वैश्विक हेक्टर म्हणतात. नांगरटीची जमीन, कुरण, जंगल, मासेमारीचं पाणी यांची ताकद सारखी नाही. म्हणून प्रत्येकाला एक गुणक लावायचा. नांगरटीचा एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच वैश्विक हेक्टर, कुरणाचा एक म्हणजे अर्ध्याच्याही आत. मग देशादेशाच्या उत्पन्नाप्रमाणे पुन्हा कमी-जास्त. अहो, हे आणेच झाले की! आठ आण्यांचे दोन एकर म्हणजे सोळा आण्यांचा एक. विंगेटनं इंदापूर तालुक्यासाठी केलं ते यांनी पृथ्वीसाठी केलं.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. विंगेटच्या आण्याखाली पहार होती. यांच्या गुणकाखाली पीक आहे. एखाद्या देशात हेक्टरी गहू जास्त निघाला की त्या देशाच्या जमिनीची ताकद तेवढी जास्त धरली जाते. मग शेतजमिनीच्या सदरात जमा आणि खर्च जवळपास सारखेच येणार, कारण जेवढं काढलं तेवढीच ताकद मानली. त्या सदरात तूट दिसणं जवळजवळ अशक्य आहे. जगाची सारी तूट दिसते ती कार्बनच्या सदरात: हवेत सोडलेला कार्बन शोषायला किती जंगल लागलं असतं त्यात, आणि हे सदर एकूण पसाऱ्याच्या निम्म्याहून मोठं आहे. ते जंगल कुठेही नाही, त्याला गट नंबर नाही, ते असायला हवं होतं म्हणून धरलेलं. मी याला खोटं म्हणत नाही. पण तीस वर्षं हद्दी दाखवलेल्या माणसाला असली जमीन जड जाते. वाकरनागेल आणि त्यांची मंडळीही प्रामाणिकपणे सांगतात की जमिनीची झीज, उपसलेलं भूजल आपल्या आकड्यात नीट येत नाही, तेव्हा खरी तूट आपण दाखवतो त्याहून जास्तच असेल. म्हणजे हिशोब जागतिक झाला खरा, पण पीक मोजायचा रस्ता पुन्हा प्रिंगलचाच.

पुणे जिल्ह्यातच एक माणूस तिसऱ्या रस्त्यानं गेला होता. विलासराव साळुंखे, धंद्यानं सूक्ष्म मोजमापाची उपकरणं बनवणारे कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुका पाहून ते हलले आणि नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर माळजमीन घेऊन बसले. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. त्यांचा नियम फार सोपा: पाणी जमिनीच्या मानानं मिळणार नाही, माणसांच्या मानानं मिळेल. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. तुमची जमीन पन्नास एकर असली तरी तेवढंच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. पडणाऱ्या पावसातून किती पाणी अडेल ते आधी धरायचं आणि मग मागणी त्याच्या आत बसवायची. माणशी अर्ध्या एकराचा हा आकडा त्यांनी कॅनडातल्या त्या लेखाच्या दीड-दोन दशकं आधी काढला. पंचायतीची काही गावं टिकली, काही मोडली. उसाचा पैसा दिसायला लागला की अर्धा एकर पुरत नाही.

ऊस म्हटलं की पुन्हा इंदापूर. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि प्रिंगलच्या त्या ओसाड तालुक्याच्या कडेनं भीमेचं पाणी तुंबलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका मोजणीला गेलो होतो. टिपण बघितलं, नंबर जुना, प्रतिबुकातली त्याची प्रत तीन आण्यांच्या आसपासची, आणि समोर पुरुषभर ऊस उभा. मालक आबा सत्तरीचे, बांधावर बसलेले. म्हटलं, “आबा, इथं तर मुरूम होता.” म्हणाले, “होता की. अजून बी हाय खाली. वर गाळ टाकलाय साहेब, उन्हाळ्यात धरण आटलं की. दोनशे खेपा आणल्या, ट्रॅक्टर तेवढा घरचा होता.” उकरून दाखवलं. वरचा हात-सव्वा हात काळीशार, लोण्यासारखी माती, आणि खाली रेघ मारावी तसा पिवळा मुरूम. विंगेटच्या तक्त्यात दोन-तीन आण्यांची जमीन दहा-बारा आण्यांवर गेली होती.

सरकारनंही पुढे गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजनाच काढली. योजना चांगली आहे. पण ती माती आली कुठून, हे आबांनाही ठाऊक आहे: मावळ, मुळशी, खेड, शिरूरच्या उतारांवरून, तिकडच्या ज्या चौकटींत धुपण्याची खूण होती तिथून. इकडे सव्वा हात चढली तेवढी तिकडे कुठेतरी उतरली. जगाच्या ताळेबंदात आबांचा ऊस तेवढा दिसेल, हेक्टरी टनांत, आणि देशाची ताकद वाढली असं धरलं जाईल. उसाला दिलेल्या पाण्यानं खालच्या बाजूच्या दोन शेतांवर पांढरी फूट आली होती, ती दिसणार नाही. त्या दोन शेतांचा मालकही तिथेच उभा होता. त्याचं म्हणणं, हद्द राहू द्या, आधी आमच्या रानाचं खारवट झालेलं कागदावर घ्या. त्यासाठी आमच्याकडे नमुना नव्हता.

आता खात्यात रोव्हर आलेत. उपग्रहाकडून सिग्नल घेऊन हद्द काही सेंटिमीटरच्या आत सांगतात, साखळी ओढणारे गडी लागत नाहीत. शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. खोली नाही. मी कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं की एवढे बारा रकाने आहेत, तेरावा टाकायला काय हरकत होती? तो म्हणाला, नमुना पिशवीतून लॅबला येतो साहेब, खोली पिशवीत कशी यायची?